गोव्यात प्रवाळटाकी बसवताना: पहिल्या दिवसापासून पहिल्या माशापर्यंत

गोव्यात राहणाऱ्या माणसाला प्रवाळटाकी, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, हा हातचा मळ वाटतो, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर असतो. मिरामारला जाऊन चार कॅन पाणी भरावे, दोनापावलच्या खडकांतून दोन दगड उचलावेत, येताना थोडी वाळू आणावी आणि बैठकीच्या खोलीत समुद्र मांडावा, असा साधा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात यांपैकी एकही गोष्ट करायची नसते. घरातला समुद्र गाळून गाळून निर्मळ केलेल्या गोड्या पाण्यापासूनच घडवावा लागतो, आणि त्यात पहिला मासा येण्याआधी डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंची वस्ती बसावी लागते. ही वस्ती बसवण्याला या छंदातले लोक ‘सायकलिंग’ म्हणतात. नवशिक्यांच्या बहुतेक टाक्या नेमक्या याच टप्प्यावर बिघडतात, म्हणून पुढील विवेचनात सर्वाधिक जागा त्यालाच दिली आहे.

दाराशी समुद्र असूनही

जून ते सप्टेंबर या काळात मांडवी आणि जुवारी या नद्या पावसाचे गोडे पाणी आणि लाल गाळ समुद्रात ओततात. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, उतरते आणि ते गढूळ होते. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात, हे अनवाणी फिरणाऱ्या प्रत्येकाने तळपायावर अनुभवलेले असते. अशा पाण्याची प्रत दर आठवड्याला वेगळी असते, आणि प्रवाळाला सर्वांत जास्त बाधते ते हे बदलतेपणच.

दगड आणि प्रवाळ उचलण्याचा प्रश्न तर कायद्याचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये पाषाण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडेही त्याच वर्षी त्या यादीत आले. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंड या बेटाच्या परिसरात पाण्याखाली प्रवाळ आहेत म्हणून त्यांचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो, आणि लाटांनी किनाऱ्यावर टाकलेला मेलेला तुकडाही त्याला अपवाद नाही. ‘लाइव्ह रॉक’ या नावाने विकला जाणारा समुद्रातला दगड बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो, तेव्हा तोही टाळावा. माझे मत स्पष्ट आहे: नवशिक्याने कृत्रिम किंवा कोरड्या दगडावर टाकी उभी करावी, पाषाण प्रवाळाच्या वाटेला जाऊ नये, आणि रीतसर परवानगीने आणलेले मश्रूम, लेदर, झोआन्थस असे मऊ प्रवाळ पक्के बिल देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत. बिल मागितल्यावर जो विक्रेता हसतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

जागा, टाकी आणि वीज

पहिली टाकी फार लहान घेऊ नये. पाणी जितके थोडे, तितकी त्यातली चूक मोठी होते. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच ही टाकी सुरुवातीला योग्य ठरते. तिचे घनफळ सुमारे १८२ लिटर भरते, आणि दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता, पण खालच्या जोडटाकीतले, म्हणजे सम्पमधले, पाणी धरून, प्रत्यक्ष पाणी साधारण १५० लिटर असते असे या लेखात गृहीत धरले आहे. पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून एकूण वजन अडीचशे किलोच्या पुढे जाते. जुन्या घरांत वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन असते, तिच्यावर ही टाकी ठेवू नये. आणि खालची लाल कोब्याची जमीन कितीही गुळगुळीत दिसली तरी ती क्वचितच सपाट असते, म्हणून स्टँड ठेवल्यावर दोन्ही दिशांनी लेव्हल लावून पाहावी. लोखंडी स्टँड इथल्या हवेत एरवीही गंजतो, आणि टाकीतले खारे थेंब पडू लागले की त्याचे आयुष्य फारच कमी उरते. मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

टाकीखाली सम्प, त्यात फेसावाटे घाण काढणारा प्रोटीन स्किमर आणि पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, टाकीत पाणी खेळवणारे दोन वेव्हमेकर आणि वर एलईडी दिवा, एवढी सामग्री पुरते. विजेच्या प्रत्येक वायरीला सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ पाडावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब सॉकेटात न शिरता झोळातून जमिनीवर पडतो. आणि या मंडलाला आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

खारे पाणी भरण्याआधी साध्या पाण्यावर एक चाचणी करणे आवश्यक आहे. सर्व पंप चालू करून पाणी स्थिरावले की सम्पच्या काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावावी आणि मेन स्विच बंद करावा. पंप थांबताच वरच्या टाकीतले पाणी पाइपांतून खाली उतरू लागते, सम्पमधली पातळी चिकटपट्टी ओलांडून चढत जाते, आणि ती काठाच्या किती खाली थांबते हे आपल्याला तेव्हा कळते. ती काठावरून वाहिली, तर तो दोष आत्ताच सापडला हे आपले नशीब. श्रावणात रात्री दोन वाजता वीज गेल्यावर तो सापडला असता तर जमीन पुसत बसावे लागले असते.

तापमान: इथली खरी अडचण

परदेशी मार्गदर्शकांत हीटरवर पानेच्या पाने असतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. प्रवाळटाकीचे पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस या टप्प्यात राहावे लागते, आणि गोव्यात मे महिन्यात पंपांची उष्णता धरून ते सहज ३१ अंशांवर जाते. पाण्यावर लहान पंखे लावले की बाष्पीभवनाने तापमान दोनतीन अंशांनी उतरते, आणि हा उपाय डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात चांगला चालतो. मात्र हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की पाणी उडेनासे होते आणि पंखे नुसते फिरत राहतात. म्हणजे पंख्यांची गरज जेव्हा सर्वांत जास्त, त्या मेअखेरीस आणि पावसाच्या तोंडावरच ते निकामी ठरतात. तेव्हा टाकीसाठी चिलर, किंवा त्या खोलीत एसी, यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. चिलर स्वतः गरम हवा बाहेर टाकतो, म्हणून तो बंद कपाटात कोंडू नये. सत्तरी किंवा सांगे तालुक्यांत जानेवारीच्या रात्री बऱ्याच थंड असतात. तिथे एक लहान हीटर असलेला बरा.

या सगळ्याचा विचार करता टाकी बसवण्याचा उत्तम मुहूर्त दसऱ्याच्या सुमाराचा. पाऊस ओसरलेला असतो, विजेचा लपंडाव कमी होतो, आणि पुढचे चार-पाच महिने हवामान आपल्या बाजूने असते.

पाणी आणि मीठ

पणजी आणि आसपासच्या भागाला ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारे नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यात क्लोरीन असते, आणि क्लोरीन तर जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. आपल्याला इथे जीवाणू वाढवायचे आहेत. विहिरीचे पाणी जांभ्या दगडातून झिरपत येते आणि त्यात लोह असू शकते. दोन्ही पाणी आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या गाळणीतून काढून, विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवेपर्यंत स्वच्छ करावे. घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्रावर विसंबू नये, कारण अशा बऱ्याच यंत्रांत चव राहावी म्हणून थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते.

मिठाच्या बाबतीत एक मोह आवरावा लागतो. रायबंदरच्या रस्त्याने जाताना मिठागरे दिसतात आणि ‘हे तर समुद्राचेच मीठ’ असे मनात येते. पण आगरात पाणी आटत जाते तेव्हा त्यातला बराचसा कॅल्शियम जिप्समच्या रूपाने मिठाच्या आधीच खाली बसतो, मॅग्नेशियम मीठ काढल्यावर उरलेल्या कडवट पाण्यात राहते, आणि हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. ते कालवणाला उत्तम. प्रवाळाला मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही हवीत. म्हणून प्रवाळटाकीसाठी बनवलेले तयार मिश्रणच वापरावे. लिटरला साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे १५० लिटरला पावणेसहा किलो, असा अंदाज धरून एका स्वच्छ पिंपात आधी पाणी घ्यावे, पंप चालू करावा आणि त्यात मीठ थोडे थोडे सोडावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम पांढऱ्या चुन्यासारखा खाली बसतो आणि तो मग काही केल्या विरघळत नाही. पंप रात्रभर चालू ठेवून दुसऱ्या दिवशी मोजणी करावी.

क्षारतेच्या मोजणीसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. त्याच्या तिरप्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत, झाकण हलकेच मिटावे, आत बुडबुडा राहिला नाही ना हे पाहावे, अर्धा मिनिट थांबावे आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्याला लावावा. वर निळा आणि खाली पांढरा असे दोन भाग दिसतात. ते जिथे मिळतात तो आकडा. तो ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या पट्टीवर सुमारे १.०२६, असायला हवा. यंत्र आधी ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावे. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेले यंत्र ३५ च्या आसपास चूक दाखवू शकते.

इथे एका शब्दाबद्दल सावध करतो. क्षारता म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचे प्रमाण. अल्कता म्हणजे आम्लाला तोंड देण्याची पाण्याची ताकद, जिला दुकानदार ‘केएच’ म्हणतात. बोलताना या दोहोंची सर्रास गल्लत होते, आणि एकाचे औषध दुसऱ्यासाठी घातले जाते. अल्कता ८ ते ९ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम हे लक्ष्य ठेवावे.

दगड आधी थेट काचेवर मांडावेत, वाळू नंतर. वाळूवर दगड ठेवले तर पुढे एखाद्या माशाने खाली उकरताच ढिगारा कोसळतो. १२ ते १५ किलो सच्छिद्र कोरडा दगड आणि तीन-चार सेंटिमीटर थर होईल इतकी, म्हणजे २० ते २५ किलो, ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू पुरते. दगडाची भिंत रचू नये. मधून पाणी खेळायला हवे. शेवटी वाळूवर एक ताटली उपडी ठेवून तिच्यावर पाणी ओतावे. टाकी एक-दोन दिवस ताकासारखी पांढरट दिसते, त्याची काळजी नको.

जीवाणूंची वस्ती

माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो अत्यल्प प्रमाणातही माशाला मारक असतो. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट बराच कमी घातक असून पाणी बदलून काढता येतो. हे दोन्ही गट पाण्यात नव्हे, तर दगडाच्या आणि वाळूच्या पृष्ठभागावर राहतात, त्यांना भरपूर प्राणवायू लागतो, आणि दुधाला दही लावणाऱ्या जीवाणूंच्या मानाने त्यांची वाढ फार संथ असते. कोरड्या दगडावर ही वस्ती शून्यातून उभी राहायची असल्याने चार ते सहा आठवडे लागतात.

जुनी पद्धत अशी की टाकीत एक कोळंबी टाकून ती कुजू द्यावी. आमच्या घरात ‘सुंगटां हुमणात घालायची की टाकीत?’ (कोळंबी कालवणात की टाकीत?) या प्रश्नावर ही पद्धत निकालात निघाली, आणि ते योग्यच झाले, कारण कोळंबीतून किती अमोनिया सुटेल हे कोणालाच ठरवता येत नाही, शिवाय वास येतो तो वेगळाच. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड वापरावे. हा आपला कल्हईवाल्याचा नवसागरच. मात्र कल्हईचा नवसागर अशुद्ध असतो, म्हणून रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा. १० ग्रॅम नवसागर एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. या द्रावणाचे १०० मिलिलिटर, म्हणजे एक ग्रॅम नवसागर, १५० लिटर पाण्यात घातले की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. त्याच दिवशी जीवाणूंची एखादी विश्वासार्ह बाटली ओतावी, पंप आणि वेव्हमेकर अखंड चालू ठेवावेत, दोनतीन दिवस स्किमर बंद ठेवावा, आणि संपूर्ण काळ दिवा लावू नये. रिकाम्या टाकीत दिवा लावल्याने शेवाळाखेरीज कोणाचेही भले होत नाही.

यानंतर एक वही करावी आणि दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट मोजून तारखेसह लिहावे. चाचणीची नळी रंगपट्टीशी नेहमी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी जुळवावी. ट्यूबलाइटखाली पिवळा रंग हिरवट भासतो आणि नसलेला अमोनिया दिसू लागतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस आकडा जागचा हलत नाही, आणि नेमक्या याच वेळी माणूस अधीर होऊन काहीतरी आणखी ओततो. ओतू नये. अमोनिया ५ पीपीएमच्या पुढे गेला तर वाढ उलट रखडते. मग एके दिवशी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो. तो उतरायला आणखी दोन-तीन आठवडे घेऊ शकतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा १ पीपीएम इतकी मात्रा द्यावी, म्हणजे पहिला गट उपाशी राहत नाही. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या चाचणीचा आकडा फुगलेला दिसतो, तेव्हा तो मोजण्याची घाई नको. या प्रक्रियेत अल्कताही खर्च होते: २ पीपीएम अमोनिया पूर्ण पचेपर्यंत केएच साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने उतरतो. तो ७ च्या खाली जाऊ लागला तर शुद्ध खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून भरपाई करावी.

वस्ती बसली की नाही हे कॅलेंडर ठरवत नाही, एक चाचणी ठरवते. २ पीपीएम अमोनिया घालावा आणि बरोबर चोवीस तासांनी मोजावे. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, किंवा जवळजवळ शून्य, आला तरच टाकी तयार. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी मी ही चाचणी केली नव्हती. चतुर्थीला पाहुणे येणार होते, एकोणीस दिवस झाले होते, पाणी काचेसारखे निर्मळ दिसत होते, म्हणून मी दोन मासे सोडले. अनंत चतुर्दशीआधी दोन्ही गेले. त्या पाण्यात अमोनिया किती होता हे मी ते मेल्यावर मोजले. वहीच्या त्या पानावर १.५ हा आकडा अजून आहे.

पहिला मासा

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर ३० ते ५० टक्के पाणी बदलून नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास आणावा आणि मग दिवा रोज सहा तास लावायला सुरुवात करावी. काही दिवसांत वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर चढतो. हे डायाटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ; नव्या टाकीतला सिलिकेट संपला की ते आपोआप ओसरतात. मागोमाग हिरवे केसाळ शेवाळ येते. दोन्ही वेळी दुकानातली शेवाळनाशके वापरू नयेत; काही शंख आणि हर्मिट खेकडे सोडावेत व बाकीचे हाताने उपटावे. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याचा हट्टही नको, कारण अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट, बुडबुडे धरणारा थर येतो आणि तो घालवणे शेवाळापेक्षा अवघड असते.

पहिल्या माशांसाठी क्लाउनफिशच्या जोडीपेक्षा योग्य निवड नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची हॅचरीतली पैदास यशस्वी केली आहे, आणि असे हॅचरीतले मासे तयार खाद्य खातात, टाकीला सरावलेले असतात, शिवाय त्यांच्यासाठी समुद्रातून कोणी काही काढलेले नसते. जोडी आधी चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावी. खाज सुटल्यासारखे अंग घासणे, पांढरे ठिपके, जलद श्वास दिसल्यास उपचार तिथेच करावेत. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये, कारण ते दगडात मुरते आणि गोगलगायी व प्रवाळ मारते. दुरून प्रवास करून आलेल्या पिशवीतले मासे तासन्‌तास थेंबाथेंबाने सरावायला ठेवू नयेत: पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया अधिक विषारी होतो. पिशवी पंधरा मिनिटे तरंगती ठेवून तापमान जुळवावे, मासे जाळीने उचलावेत, पिशवीतले पाणी फेकून द्यावे. त्यासाठी वेगळ्या टाकीची क्षारता आधीच पिशवीच्या पाण्याइतकी करून ठेवावी आणि पुढच्या आठवड्यात हळूहळू ३५ वर न्यावी.

मऊ प्रवाळ आणखी दोन महिन्यांनी, म्हणजे अल्कता आणि क्षारता सलग तीन-चार आठवडे स्थिर राहिल्यावर आणावेत. झोआन्थस हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते, आणि असा दगड उकळत्या पाण्यात घातल्यास त्याच्या वाफेनेही माणसे आजारी पडली आहेत.

रोजच्या कामांत चुकवता न येणारे एकच: उडून गेलेल्या पाण्याची भरपाई. पाणी उडते, मीठ मागेच राहते; म्हणून भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने करावी. रोज तीन लिटर उडत असतील आणि पाच दिवस कोणी पाहिले नाही, तर १५० लिटरच्या टाकीत क्षारता ३५ वरून जवळपास ३९ वर जाते. गावाला जायचे असेल तर स्वयंचलित टॉप-अप बसवावा, नाहीतर शेजाऱ्याला चिकटपट्टीची खूण दाखवून ठेवावी. आठवड्याला १० टक्के पाणी बदलणे पहिल्या वर्षी पुरेसे होते.

दसऱ्याला सुरू केलेली टाकी साधारण फेब्रुवारीत पहिला प्रवाळ घेते आणि मेमध्ये तिचा पहिला उन्हाळा येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात चिलरची जाळी धुऊन घ्यावी, इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी तपासावे, किमान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्यावा, कारण वीज गेल्यावर टाकीत पहिल्यांदा संपतो तो प्राणवायू. मग एखाद्या दुपारी मेन स्विच बंद करून तासभर टाकीसमोर बसावे आणि मासे पृष्ठभागाशी येतात का, सम्पची पातळी चिकटपट्टीच्या किती वर थांबते, हे वहीत लिहून ठेवावे.